पोटाची कमिटी

पंच्याण्णव सालच्या जूनमध्ये पणदऱ्याच्या आप्पासाहेबांच्या घरात एक पोट दुखायला लागलं. पोट नऊ वर्षांचं होतं आणि आप्पासाहेबांच्या नातीचं, श्रेयाचं होतं. ते रोज सकाळी साडेसहाला दुखायला लागे. सातला त्यात मळमळ मिसळे. सव्वासातला शाळेची जीप रस्त्यावर येऊन हॉर्न वाजवी, तेव्हा पोरीचे तळहात गार पडत आणि पोटात गेलेला घास अंगणातल्या जास्वंदीच्या बुडाशी येऊन पडे. एखाद्या दिवशी जीप चुकलीच, तर आठ वाजता हीच पोरगी उठून दूध-भाकरीचा वाडगा पुसून खाई.

मनिषाला, म्हणजे श्रेयाच्या आईला, यातलं इंगित तिसऱ्या दिवशी कळलं आणि तिनं ते सांगितलंही. "पोरगी शाळेला भेती," असं ती चहाचे कप ठेवताना म्हणाली. पण त्या घराची रीत अशी होती, की चहा देणाऱ्या माणसाचं बोलणं चहाबरोबर बाहेर येई आणि कपबश्यांबरोबर आत जाई.

शाळा वाईट असणं शक्यच नव्हतं. ती बारामतीत होती, जळोचीच्या बाजूला होती आणि इंग्रजी होती. मुख्य म्हणजे तिच्या कमिटीवर आप्पासाहेब होते. ते कमिटीवर कसे गेले याचा पुरावा शाळेच्या आवारात उभा होता, पिण्याच्या पाण्याची टाकी. टाकीवर संगमरवरी पाटी होती आणि पाटीवर आप्पासाहेबांचं नाव मुलांना तोटी शोधावी लागेल इतक्या मोठ्या अक्षरात होतं. तिसरीपर्यंत गावच्या मराठी शाळेत पहिल्या तिनांत असलेली श्रेया या जूनमध्ये तिथं गेली. इंग्रजी यावं म्हणून तिला पुन्हा दुसरीत बसवलं होतं. वर्गातली बाकीची पोरं तिच्या खांद्याला लागत. आप्पासाहेबांना त्यातही समाधान होतं. ते म्हणत, "वर्गात उठून दिसती आपली."

घरात मनिषाला 'मम्मी' म्हणायचं, असा ठराव झाला होता. बाकी इंग्रजी अजून आलेलं नव्हतं.

पहिला इलाज सासूबाईंनी केला. लीलाबाईंच्या मते पोरीची बेंबी सरकली होती. त्यांनी श्रेयाला उताणं निजवलं, पोटाला गोडंतेल चोळलं, बेंबीवर दिवा ठेवून त्यावर तांब्या पालथा घातला आणि तांब्या घट्ट बसला तसं म्हणाल्या, "आली जाग्यावर." दुसऱ्या दिवशी साडेसहाला ती परत सरकली. आठ दिवस लीलाबाई बेंबी जाग्यावर आणत होत्या आणि बेंबी जीपचं वेळापत्रक पाळत होती.

मग मनिषाच्या नवऱ्यानं, दादासोनं, पोरीला बारामतीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं रक्त पाहिलं, पोटाचा फोटो काढला, जंताचं औषध दिलं. फोटोत काही निघालं नाही, जंतही निघाले नाहीत. शेवटी डॉक्टरनं विचारलं, "शाळेत काही त्रास आहे का हिला?"

"छे," दादासो म्हणाला, "शाळेला बूट हायत, टाय हाय."

घरी येऊन त्यानं हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. आपण डॉक्टरला चांगलं उत्तर दिलं, असं त्याला वाटत होतं. मनिषानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. पहिली दोन-तीन वर्षं ती त्याला उत्तरं देत असे. मग तिनं पाहण्यावर भागवायला सुरुवात केली होती.

जुलैत आप्पासाहेबांनी प्रश्न हातात घेतला. त्यांची प्रश्न हातात घ्यायची पद्धत म्हणजे ओसरीवर बैठक. बैठकीला ते स्वतः, दादासो आणि रामहरी. रामहरी हे डेअरीतले निवृत्त स्टॉकमन. उभा जन्म गुरांच्या पोटात कोपरापर्यंत हात घालण्यात गेल्यामुळं पोट या विषयात पंचक्रोशीत त्यांच्यापुढं कुणी बोलत नसे.

रामहरींनी श्रेयाला समोर उभं केलं, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, कान धरून पाहिला.

"कान गार हाय," ते म्हणाले. "श्याण कसं पडतंय?"

"रामहरीतात्या, पोरगी हाय ती," आतून मनिषा म्हणाली.

"व्हय व्हय. तेच इचारतोय. परसाकडं कसं हुतंय?"

श्रेया जमिनीकडं बघत राहिली. तिचं वय नऊ असलं तरी ओसरीवरच्या तिघांपेक्षा तिला लाज जास्त होती.

रामहरी पद्धतशीर माणूस. त्यांनी दादासोला वही आणायला लावली, सात घरं आखायला लावली आणि दोन आठवडे रोज टिपण ठेवायला सांगितलं. दोन आठवड्यांनी ओसरीवर वही उघडली. सोमवारी दुखलं, मंगळवारी दुखलं, बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी दुखलं. रविवारचं घर दोन्ही वेळा मोकळं.

"रविवारी दुखत न्हाय," रामहरी सावकाश म्हणाले. "मंग आता बघायचं, रविवारी असं काय असतंय."

"रविवारी शाळा नसती," मनिषा आतून म्हणाली.

रामहरींनी वहीवर बोट ठेवलं, डोळे मिटले आणि थोड्या वेळानं उघडले.

"रविवारी मटण असतंय," ते म्हणाले.

आप्पासाहेब मांडी बदलून पुढं सरकले. दादासोनं वहीकडं असं पाहिलं, जणू मटण त्यात लिहिलेलंच होतं आणि आपल्याला आजवर दिसलं नाही. बैठकीत एकमतानं ठरलं, की पोरीच्या पोटाला ताकद कमी पडते. ती रविवारी मिळते आणि सोमवारी सकाळी संपते. सबब रोज सकाळी सहा वाजता एक वाटी अळणी. म्हणजे तिखट-मीठ पडायच्या आधीचं मटणाचं पाणी.

ते शिजवायला मनिषा चारला उठू लागली. ती चुलीपुढं बसून फेस काढी आणि ओसरीवर घोरत पडलेल्या नवऱ्याच्या नि सासऱ्याच्या डोक्यांबद्दल विचार करी. गावात ही दोन्ही डोकी मोठी समजली जात. आप्पासाहेबांचा सोसायटीत शब्द चाले, दादासोला लोक चार गोष्टी विचारायला येत. उसाला पाणी किती द्यायचं हे यांना पान बघून कळे. पोरीच्या तोंडाकडं बघून मात्र काहीच कळत नव्हतं, कारण तोंडाकडं कुणी बघतच नव्हतं. सगळे पोटाकडं बघत होते.

श्रेया सहाला अळणी पिई आणि सव्वासातला ते टायवर येई.

"पोट साफ व्हाया लागलं," रामहरी म्हणाले.

मग श्रावण लागला. घरात मटण बंद झालं. श्रावणातल्या पहिल्या रविवारी श्रेयाला घासभरही मटण मिळालं नाही आणि पोट मात्र तसूभरही दुखलं नाही. ती दिवसभर गोठ्यात वासराशी खेळली. दुसरा कुणी असता तर त्याचा सिद्धांत त्या दिवशी कोसळला असता. रामहरींनी संध्याकाळी येऊन तो सावरला.

"मागलं मुरलंय अंगात," ते म्हणाले. "ते रविवारी वर येतंय."

"तात्या, रविवार कुठला हाय ते त्या अळणीला कसं कळतंय?" मनिषानं विचारलं.

रामहरी आप्पासाहेबांकडं वळून म्हणाले, "आप्पा, तुमची सून बारावी झालीय न्हवं?"

"व्हय."

"वाटलंच."

दादासोचं म्हणणं थोडं वेगळं पडत होतं. त्याला टायचा संशय होता. टाय आवळते, अन्न खाली उतरत नाही, मग ते वर येतं. त्यानं टाय सैल केली. आप्पासाहेबांना जीपच्या धुराचा संशय होता. त्यांनी ड्रायव्हरला सांगून पोरीला पुढच्या सीटवर बसवलं. टाय, धूर, सीट, अळणी, बेंबी, जंत. शाळेच्या फाटकाबाहेरचं सगळं एकेक करून तपासून झालं.

मनिषाला एक गोष्ट खटकत होती. श्रेयाची पाण्याची बाटली रोज भरलेली परत येई. सकाळी गळ्यापर्यंत भरून दिलेली, संध्याकाळी गळ्यापर्यंत. "तहान लागत न्हाय," पोरगी म्हणे आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या मोरीकडं धावे.

पंचमीला मनिषा पोरीला घेऊन माहेरी इंदापूरला गेली. भाऊ महिपती तिथल्या एका डॉक्टरकडं कंपाउंडर होता. पंचमी सोमवारी झाली. मंगळवारी सकाळी महिपतीची मुलगी सृष्टी दप्तर घेऊन निघाली आणि श्रेया तिच्यामागं निघाली. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाहुणी म्हणून जाऊन बसायला कुणी दाखला मागत नसे. मनिषा दारात उभी राहून वाट बघत होती, की आता पोरगी पोट धरेल. पोरीनं पायात सृष्टीची जुनी चप्पल अडकवली आणि ती गेली.

दुपारी आल्यावर दोघी जेवायला बसल्या. श्रेयानं तिसरी भाकरी मागितली. मनिषानं सहज विचारावं तसं विचारलं, "शाळा कशी हाय?"

"चांगली हाय," श्रेया म्हणाली. "हितं करंगळी चालती."

"म्हंजी?"

"करंगळी वर केली की बाई जा म्हणत्यात." तिनं जेवता जेवता डाव्या हाताची करंगळी वर करून दाखवली. "आमच्याकडं न्हाय चालत. आमच्याकडं बोट वर केलं की मिस हात खाली करती. इंग्लिशमधी अख्खं वाक्य म्हणायचं, मगच सोडती."

मनिषानं तवा खाली उतरवला. "कुठलं वाक्य?"

"मे आय गो..." एवढं म्हणून पोरगी थांबली. तोंडातला घास तसाच राहिला. "फुडं मला येतं, पर उभं राहिलं की येत न्हाय. मी मे आय म्हणलं की पोरं आय गं, आय गं करून हसत्यात. आता मला आयगंच म्हणत्यात सगळी."

"मंग तू काय करतीस?"

"पाणीच पित न्हाय," श्रेया म्हणाली. अडचणीवर तोडगा सापडलेल्या माणसाच्या शांतपणानं ती हे म्हणाली. "पहिल्या आठवड्यात प्यायले हुते. मंग वर्गातच झालं."

मनिषाला आठवलं. जूनमध्ये एकदा पोरगी आल्या आल्या मोरीत बसून स्वतःचा स्कर्ट धूत होती. लीलाबाईंनी बोटं मोडून कौतुक केलं होतं, की पोरीला आतापासून कामाची सवय लागली. मनिषाही तिथंच होती, पीठ मळत होती आणि तीही हसली होती. ओसरीवरच्या तिघांसाठी जमवलेल्या तुच्छतेतला एक चांगला मोठा वाटा तिनं त्या दुपारी स्वतःकडं काढून ठेवला.

आजोबांनी शाळेला टाकी बांधून दिली होती आणि त्या टाकीचं पाणी एकटी त्यांची नात तेवढी पीत नव्हती.

संध्याकाळी महिपतीनं त्याच्या डॉक्टरसमोर दोघींना बसवलं. डॉक्टर म्हातारा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पोटाला हातसुद्धा लावला नाही आणि म्हणाला, "औषध नाही याला. शाळा बदला. चार दिवसांत थांबेल."

"तेवढं लिहून द्या," मनिषा म्हणाली.

महिपतीनं मध्येच हात केला. "मने, असं लिहून नेलंस तर तुझा सासरा शाळा न्हाय बदलणार, डॉक्टर बदलंल."

ते खरं होतं. मग डॉक्टरनं खिशातून पेन काढलं आणि मराठीतला एक जुना, दमदार शब्द लिहिला, ज्याच्यापुढं चांगल्या चांगल्या घराण्यांनी मान तुकवली आहे. हवापालट. खाली लिहिलं, की मुलीस इंदापूरची हवा मानवते, तरी निदान एक वर्ष इकडं ठेवावे. महिपतीनं त्यावर शिक्का मारला. जरा तिरपा पडला म्हणून शेजारी दुसरा सरळ मारला.

पणदऱ्यात बैठक बसली. आप्पासाहेबांनी कागद दोनदा वाचला आणि मांडीखाली ठेवला.

"कमिटीत काय तोंड दाखवू?" ते म्हणाले. "आप्पाच्या नातीला इंग्रजी झेपलं न्हाय म्हणतील."

"झेपायचा इषयच न्हाय, मामा," मनिषा सासऱ्यांना म्हणाली. या वेळी ती कप ठेवून आत गेली नव्हती. दाराला टेकून उभी होती. "डॉक्टरनी हवा लिवलीय."

तिनं रामहरींकडं पाहिलं. सगळा जुगार आता त्या माणसावर होता. पोरीचं पुढचं वर्ष कसं जायचं ते एका गुरांच्या स्टॉकमनच्या अकलेवर ठरणार, याचा तिला इतका राग आला की दाराची चौकट तिनं घट्ट धरली. तोंडानं मात्र ती गोड म्हणाली, "तात्या, जनावराला बी एखाद्या रानाची हवा सोसत न्हाय, असं तुमीच म्हणत हुता न्हवं?"

असं ते कधीच म्हणाले नव्हते. पण स्वतःच्या तोंडी घातलेलं शहाणपण परत करणारा माणूस तिनं अजून पाहिला नव्हता.

"म्हणत हुतो," रामहरी म्हणाले. "आप्पा, संकरित कालवड घ्या. हितल्या गोठ्यात चारा खाईना, तिकडं उजनीच्या पाण्याकडं नेली की दोन्ही टायमाला पाटी रिकामी करती. ह्यो सगळा हवेचा खेळ. मी म्हणणारच हुतो, पर म्हणलं आधी अळणी बघू."

"म्हंजी शाळेचा दोष न्हाय," आप्पासाहेब म्हणाले.

"शाळेचा काय संबंध?"

"इंग्रजीचा बी न्हाय."

"हवेचा," दादासो म्हणाला. आपलंही म्हणणं मुळात असंच काहीसं होतं, टाय म्हणजे तरी हवेचीच अडचण, असं त्यानं पुढं जोडलं. ते कुणी ऐकलं नाही.

शाळा सोडल्याचा दाखला आणायला शनिवारी आप्पासाहेब स्वतः गेले. कडक इस्त्रीचा नेहरू शर्ट घातला, टोपी बदलली. श्रेया मनिषाचा हात सोडेना म्हणून मनिषाही गेली. पोरीचं पोट फाटकापाशीच दुखायला लागलं होतं.

प्रिन्सिपल मॅडमनी खुर्च्या दिल्या. त्यांचा आवाज मऊ होता. पाण्याच्या टाकीबद्दल त्यांनी पुन्हा एकदा आभार मानले. मग दाखल्याचा कागद पुढं ओढून विचारलं, "शाळा सोडण्याचं कारण काय लिहू?"

त्याच वेळी श्रेयानं एका पायावरचं अंग दुसऱ्या पायावर घेतलं. मग परत पहिल्यावर. शाळेच्या दिवशी सकाळी पाणी प्यायचं नाही, हा नियम आज जीप नसल्यामुळं ती विसरली होती. तिची करंगळी फ्रॉकच्या घडीत वर आली आणि मॅडमकडं नजर जाताच खाली गेली.

मॅडमच्या ते लक्षात आलं. त्या हसल्या. "येस श्रेया? हाऊ डू वी आस्क? फुल सेंटेन्स."

आप्पासाहेब खुर्चीत ताठ झाले. दोन महिने झाले, नातीचं इंग्रजी त्यांनी अजून ऐकलं नव्हतं. आज दाखला न्यायच्या दिवशी का होईना, ऐकायला मिळणार होतं. "म्हण बाळ," ते कौतुकानं म्हणाले. "ऐकू दे आजाला."

श्रेयाचे ओठ हलले. "मे आय..." तिनं म्हटलं आणि तिथंच अडकली. खोलीत हसायला पोरं नव्हती. पण ती हसली असती तेवढी जागा तिनं आपोआप सोडली. तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं.

"म्हण की," आप्पासाहेब म्हणाले.

मनिषा उठली. तिनं पोरीला दंडाला धरलं आणि मॅडमना म्हणाली, "तिला मुतायला लागलंय." या वाक्याचं भाषांतर कुणी मागायच्या आत दोघी दाराबाहेर होत्या.

परत आल्या तेव्हा आप्पासाहेब टेबलावर वाकून मोठ्या उत्साहानं बोलत होते. नातीला बघताच त्यांनी तिच्याकडं हात केला.

"बघितलंत? हितं पाऊल ठिवलं की पोट धरती. डॉक्टरनी बरोब्बर वळखलं. हवा."

मॅडमनाही हे कारण आवडलं. हवा काही कुणाच्या कमिटीवर नव्हती. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं आणि कागद फिरवून दाखवला. मनिषानं वाचलं. 'शाळा सोडण्याचे कारण: हवामान.' तिच्या तोंडावर आलेलं खरं कारण चार शब्दांचं होतं, हितं करंगळी चालत न्हाय. ते सांगितलं असतं तर वर्गातल्या बाकीच्या बारक्यांचं थोडं भलं झालं असतं, हे तिला कळत होतं. पण सासऱ्यांचा हात अजून कागदावरच होता. ते शब्द उच्चारले असते तर त्या हातानं कागद मागं ओढला असता. ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याबद्दलही तिला स्वतःविषयी फार बरं वाटलं नाही.

"सही कुठं करू?" आप्पासाहेबांनी विचारलं. पाटीवरच्यासारखीच मोठी सही त्यांनी केली.

बारामतीच्या स्टँडवर त्यांनी स्वतः चढून नातीला खिडकीची जागा धरली. कंडक्टरला बजावलं, "खिडकी उघडी राहू द्या. पोरीला हवेवर ठिवलंय." आजूबाजूच्या उतारूंनाही त्यांनी दोन शब्द हवेबद्दल सांगितले. एका बाईनं डॉक्टरचा पत्ताही लिहून घेतला. तिच्या मुलाचं सकाळी डोकं दुखत असे.

गाडी स्टँडबाहेर पडली तशी मनिषानं काच ओढून घेतली. रस्त्याचं काम चालू होतं आणि धूळ आत येत होती. लासुर्णे येईपर्यंत श्रेया तिच्या मांडीवर गाढ झोपली होती. हात पोटावर नव्हते, एक सीटखाली लोंबकळत होता. मनिषानं तो उचलून जवळ घेतला. इंदापुरात पोरीला महिपतीच्या हवाली करून तिला तीनच्या गाडीनं परत यायचं होतं, कारण संध्याकाळच्या धारा होत्या. पोर तिथं राहणार आणि आई पणदऱ्यात, ही एवढी बारीक गोष्ट कमिटीच्या एकाही बैठकीत निघाली नव्हती.